घोड्याला चंदी कोण घालतं?

माझी पाच वर्षांची भाची इंग्लंडात वाढते आहे आणि गेले काही महिने ती नाइट आहे, म्हणजे मध्ययुगीन युरोपातली चिलखती घोडेस्वार योद्धा. खांद्यावर उशीचा अभ्रा, हातात लाटणं, गळ्यात ताईची जुनी मोत्यांची माळ. माळ सापडली नाही तर लढाई होत नाही, कारण तिच्या आवडत्या कार्टूनमधली नेला गळ्यातल्या लोलकाच्या जादूनेच राजकन्येची नाइट होते. 'नेला द प्रिन्सेस नाइट' ही मालिका निकलोडियनवर २०१७ मध्ये सुरू झाली. नायिका आठ वर्षांची, मिश्रवंशीय, आणि तिच्या दिमतीला ट्रिंकेट नावाची चमचमती युनिकॉर्न, म्हणजे एकशिंगी घोडी. परवा व्हिडिओ कॉलवर या मालिकेवरून ताई आणि भाऊजींची जुंपली. भाऊजी इतिहासाचे वेडे. त्यांचं म्हणणं, मध्ययुगात मुली नाइट नव्हत्या, सावळ्या तर नव्हत्याच; पोरांच्या डोक्यात हा खोटा इतिहास भरायचा कशाला? ताईचं म्हणणं, युनिकॉर्न चालते आणि मुलगी चालत नाही, हा कुठला न्याय?

ताईचा टोला झकास होता, पण वाद तिथेच अडकला. ब्रिटनच्या दंतकथेतल्या आर्थर राजाची, नाइटांची, ड्रॅगनची गोष्ट नव्याने पडद्यावर आली की तो नेहमी तिथेच अडकतो. एक बाजू म्हणते इतिहास बिघडवला, दुसरी म्हणते गोष्टच तर आहे. माझं मत आधीच सांगून टाकते: दोघंही भलत्याच जागी भांडतायत. घोड्यावर कोण बसलंय यावरच सगळ्यांची नजर. त्या घोड्याला चंदी, म्हणजे दाणा, कोण घालतं, ती कुणाच्या शेतातून येते, आणि ज्याच्या शेतातून येते त्याला दाम मिळतो का, हे कोणी विचारत नाही. या मालिका मध्ययुगाबद्दल खोटं सांगतात हे मला मान्य आहे. पण नायिकेचा रंग हे त्यातलं फार किरकोळ खोटं आहे.

मुळात ते खोटं तरी आहे का? जर्मनीत माग्देबुर्गच्या कॅथीड्रलमध्ये संत मॉरिसचा पुतळा आहे, १२४०-५० च्या सुमाराचा. अंगात कड्यांचं चिलखत, चेहरा स्पष्टपणे आफ्रिकी. ज्याने तो घडवला त्याला काळा नाइट ही कल्पना अजिबात खटकली नव्हती. त्याच शतकातल्या डच भाषेतल्या एका आर्थरकथेचा नायक मोरिआन हा काळाच आहे. वोल्फ्राम फॉन एशेनबाखच्या जर्मन काव्यात नायक पार्सिफालचा सावत्र भाऊ फायरेफित्स येतो. त्याची आई काळ्या वर्णाची मूर राणी, आणि कवीने त्याचं अंग काळ्यापांढऱ्या ठिपक्यांचं करून टाकलं आहे. वर्ण कसा उतरतो याबद्दल कवीची समजूत काहीही असो, त्या नाइटला त्याने दरवाज्याबाहेर उभं केलं नाही.

आणि मुलगी? तेराव्या शतकातल्याच एका फ्रेंच काव्याची नायिका सिलेन्स. इंग्लंडच्या राजाने मुलींना वारसा नाही असं फर्मान काढलेलं असतं, म्हणून आईबाप तिला मुलगा म्हणून वाढवतात आणि ती नावाजलेला नाइट होते. या काव्याचं एकुलतं एक हस्तलिखित १९११ मध्ये नॉटिंगहॅमजवळच्या एका वाड्यात सापडलं, 'जुने कागद, बिनकिमतीचे' अशी चिठ्ठी लावलेल्या पेटीत. त्यात निसर्ग आणि संस्कार या दोन बाया प्रत्यक्ष येऊन या पोरीवरून कडाकडा भांडतात. म्हणजे ताई आणि भाऊजींचा व्हिडिओ कॉल आठशे वर्षांपूर्वीच लिहून झाला होता. मला त्यात महत्त्वाची वाटते ती वेगळीच गोष्ट. सिलेन्सला तलवार हौसेने मिळत नाही. प्रश्न जमिनीचा होता. मुलगी राहिली असती तर जमीन हातची गेली असती.

अस्सल इतिहासाचा आग्रह धरणाऱ्यांनी आर्थरकथांकडे बोट दाखवणं तसंही धोक्याचं आहे. आर्थर झाला असेलच तर पाचव्या-सहाव्या शतकात. त्याला गाजवलं जेफ्री ऑफ मॉन्मथ या लेखकाने, ११३६ च्या सुमारास. आणि आपण त्याला ओळखतो ते पंधराव्या शतकातल्या पत्र्याच्या चिलखतात. हजार वर्षांची ही भेसळ कोणाला खुपत नाही. 'माइक द नाइट' या २०११ च्या मालिकेत दगडी किल्ला, चिलखत घातलेला पोरगा आणि शेजारी व्हायकिंग, म्हणजे उत्तर युरोपातले दर्यावर्दी लुटारू, हे सगळे सुखाने एकत्र नांदतात. व्हायकिंगांनी इंग्लंडातला लिंडिसफार्नचा मठ लुटला ७९३ मध्ये. माइकच्या किल्ल्यासारखे किल्ले त्यानंतर काही शतकांनी उभे राहिले. या गोष्टीवर इतिहासप्रेमी पालकांनी रान उठवल्याचं मी तरी ऐकलेलं नाही. रान उठतं ते नेलावर. मग राग नेमका कसला आहे?

तरीही भाऊजींच्या बोलण्यात एक दाणा आहे, आणि ताईने तो हसण्यावारी नेला हे मला पटलं नाही. बाळपणी पाहिलेलं चित्र पुसता पुसत नाही. मध्ययुग म्हटलं की सगळ्यांना सगळं खुलं होतं, असं चित्र पाचव्या वर्षी ठसलं, तर पंधराव्या वर्षी त्या मुलीला कसं कळणार की दार बंद होतं, कोणीतरी ते बंद केलं होतं आणि कोणीतरी ते ढकललं? फ्रान्सच्या जोन ऑफ आर्क या मुलीने १४२९ मध्ये ऑर्लेआँ शहराला पडलेला वेढा उठवला आणि १४३१ मध्ये तिला जाळलं. तिच्यावरच्या आरोपांत पुरुषी कपडे घालणं हा एक ठळक आरोप होता. पहिल्यापासून सगळेच समान होते असं सांगणं म्हणजे जोनला कोणत्या कपड्यांवरून जाळलं ते लपवणं. हा आक्षेप डावा-उजवा नाही, खरा आहे. त्यावर उपाय मात्र नेलाला हाकलणं हा नाही. दार दाखवणं हा आहे. १९९१ मध्ये सुरू झालेल्या 'लेजेंड ऑफ प्रिन्स व्हॅलिअंट' या अमेरिकी कार्टूनमध्ये राजपुत्र व्हॅलिअंटच्या बरोबरीने शेतकरी घरातला आर्न आणि लोहाराची मुलगी रोवॅन आर्थरच्या राजधानीला, कॅमेलॉटला निघतात. एकाला नाइट व्हायला जन्म आड येतो, दुसरीला जन्म आणि शिवाय बाईपण. अशी गोष्ट बसते कार्टूनमध्ये. बसवायची असली तर.

आता माझ्या मुद्द्याकडे. 'नाइट' हा इंग्रजी शब्द मुळात पोऱ्या किंवा सेवक अशा अर्थाचा होता. फ्रेंच आणि जर्मन शब्द सरळ घोडेस्वार म्हणतात. घोडा हेच नाइटाचं भांडवल, आणि ते भांडवल रोज खातं. त्याला ओट लागतात, गवत लागतं, नाल ठोकणारा लागतो, पागेत झाडणारा लागतो. नाइट स्वतः नांगर धरत नाही. मग हे येतं कुठून? ९८९ मध्ये फ्रान्सातल्या शार्रू इथे धर्मगुरूंची सभा भरली आणि शेतकऱ्यांची, गरिबांची गुरंढोरं लुटणाऱ्यांना शाप देण्यात आला. १०२३ च्या सुमारास बोव्हेच्या बिशपने नाइटांकडून घ्यायच्या शपथेचा मसुदाच केला: कुळांना धरून नेणार नाही, त्यांची खेचरं घेणार नाही, घरं जाळणार नाही, द्राक्षवेली उपटणार नाही, गिरण्या मोडणार नाही. शपथ कशाची घ्यायला लावतात? जे रोज घडतं त्याची. आंधळ्याला कोणी डोळे न मारण्याची शपथ घालत नाही.

कोणी म्हणेल हे सुरुवातीचे रानटी दिवस, पुढे शौर्याला रीत आली. बरं, मग पुढचं बघू. इंग्लंडचा तिसरा एडवर्ड आर्थरकथांचा एवढा भक्त की १३४४ मध्ये विंडसरला त्याने आर्थरसारखं स्वतःचं गोलमेज मंडळ काढायची घोषणा केली. नंतर गार्टर हा नाइटांचा मानाचा संघ काढला. त्याचाच मुलगा, ब्लॅक प्रिन्स, त्या संघाचा पहिल्या फळीतला नाइट. १३५५ मध्ये बोर्दोहून निघून तो थेट नार्बोनपर्यंत दक्षिण फ्रान्स जाळत गेला आणि परत आला. त्या मोहिमेत मोठी लढाई अशी झालीच नाही. उद्देशच तो होता: गावं, कोठारं, गिरण्या जाळायच्या म्हणजे शत्रूचा महसूल बुडतो. गोलमेज आणि जळती कोठारं, दोन्ही एकाच घरातली. आणि आर्थरकथांचा सगळ्यात प्रसिद्ध इंग्रजी ग्रंथ, १४८५ मध्ये छापलेला, लिहिला कोणी? बहुतेक अभ्यासक ज्या सर थॉमस मॅलरीकडे बोट दाखवतात, त्याच्यावरच्या आरोपांची यादी वाचण्यासारखी आहे: मठात घुसून चोरी, खंडणी, बलात्कार, गाई आणि शेकडो मेंढ्या पळवणं. आरोप सिद्ध झाले नाहीत, कारण खटला कधी धड चाललाच नाही. हा गृहस्थ मात्र वर्षानुवर्षं तुरुंगात होता. ग्रंथाचा लेखकही स्वतःला कैदी नाइट म्हणवतो. शौर्याची सगळ्यात सुंदर इंग्रजी पोथी मेंढ्या पळवल्याचा आरोप असलेल्या नाइटाच्या हातची निघावी, याची मला गंमत वाटते. त्या मेंढ्या कुणाच्या होत्या हे मात्र पोथीत नाही.

आपल्याला हे कळायला अवघड जाऊ नये. घोडा कुणाचा, यावर मराठीत माणसाची ओळखच बदलते: स्वतःचा असेल तर शिलेदार, सरकारचा असेल तर बारगीर. आणि चंदीचा प्रश्न आपल्याकडे साक्षात शिवाजी महाराजांनी कागदावर मांडून ठेवला आहे. १६७० च्या दशकात चिपळूणजवळ छावणी केलेल्या आपल्याच जुमलेदार-हवालदारांना पाठवलेलं त्यांचं पत्र प्रसिद्ध आहे. त्याचा आशय असा: पावसाळ्यासाठी साठवलेला दाणा आणि वैरण आत्ताच बेहिशेबी उधळलीत तर पुढे घोडी मरतील, मग तुम्ही कुणब्याच्या घरात शिराल, कोणी दाणे आणेल, कोणी भाकर, कोणी गवत, कोणी भाजी, आणि रयतेला तुम्ही मोगलांहून वाईट वाटाल. पुढे तर महाराज सांगतात की रात्री दिवे जळते ठेवू नका, उंदीर पेटती वात ओढून नेईल, गंजीला आग लागेल आणि घोडी जातील. राजा शत्रूबद्दल नाही, स्वतःच्या घोडदळाबद्दल लिहितो आहे, आणि भीती शत्रूच्या तलवारीची नाही, उंदराची आहे.

हे सांगून छाती फुगवावी असं मात्र वाटत असेल, तर बंगालकडेही एकदा पाहावं. १७४० च्या दशकात नागपूरकर भोसल्यांच्या फौजा बंगालवर वारंवार चालून गेल्या. आपल्या बारगीर या शब्दाचं बंगालीत 'बर्गी' झालं आणि ते थेट अंगाईत जाऊन बसलं. बाळ झोपलं, आळी शांत झाली, देशात बर्गी आले; धान तर बुलबुलांनी खाल्लं, आता शेतसारा कशाने भरू? आजही बंगाली आया हे म्हणतात. आपल्या पुस्तकात जे स्वार आहेत ते तिथल्या पाळण्यात बागुलबुवा आहेत. त्या अंगाईत स्वाराचा रंग, जात, चेहरा काहीच नाही. धान आहे आणि सारा आहे. मुलाला झोपवणाऱ्या त्या बाईला नेमका प्रश्न सुचला होता.

आता माझ्यावरचा सगळ्यात वजनदार आक्षेप. ताईनेच तो घेतला. म्हणाली, "अगं, चार-पाच वर्षांच्या पोरांना तू जाळपोळ दाखवणार आहेस का? साराबिरा काय कळणार त्यांना?" बरोबर आहे. ब्लॅक प्रिन्सची मोहीम बालवाडीत नेऊ नये. पण जाळपोळ वगळणं वेगळं आणि राबणारे हात वगळणं वेगळं. २००५ च्या सुमारास न्यूझीलंडच्या वेटा स्टुडिओने 'जेन अँड द ड्रॅगन' ही मालिका केली. त्यातली जेन दरबारातली सखी व्हायची असते, ती नाइटाचं शिक्षण घेऊ लागते. मला भावतो तो तिचा गोतावळा: स्वयंपाकघरातली पेपर, बागेतला रेक, भट्टीवरचा स्मिदी, एक विदूषक. किल्ल्यात जेवण कुठून येतं, भाजी कोण पिकवतं, हे तिथे प्रत्येक भागात डोळ्यांसमोर असतं, आणि या माणसांना नावं आहेत, रुसवेफुगवे आहेत. गंथर नावाच्या दुसऱ्या उमेदवाराचा बाप व्यापारी, त्याचा डोळा कायम पैशावर. रक्ताचा थेंब न दाखवता एवढं सगळं दाखवता येतं. बाकी पाच वर्षांच्या मुलांना काय कळतं? डब्यातला लाडू कुणी किती घेतला याचा हिशेब त्यांच्याइतका चोख कोण ठेवतं? वाटणी हा तर त्यांचा मुख्य विषय. पेटती वात ओढणाऱ्या उंदराची गोष्ट त्यांना सांगून बघा. घोडी वाचवायला निघालेला छोटा मोतद्दार, हा भाग मी स्वतः आनंदाने बघेन.

माइकच्या ग्लेन्ड्रॅगन राज्यातही गाव आहे, लोहार आहे. हे मी नाकारत नाही. पण मी पाहिलेल्या भागांत गावकऱ्यांचं काम एकच: अडचणीत यायचं आणि माइकने सोडवायचं. ते कुणाला काही देत नाहीत, त्यांच्याकडून कोणी काही घेत नाही. राजा दूर प्रवासाला गेलेला असतो आणि त्या प्रवासाचा खर्च कोण भरतो, हे त्या राज्यात कोणालाच पडलेलं नाही.

जादूबद्दल थोडं बोलायला हवं, कारण आपल्याकडचा आक्षेप बहुधा तिथून सुरू होतो. २०१३ मध्ये डॉ. नरेंद्र दाभोलकरांचा खून झाला आणि त्यानंतर जादूटोणाविरोधी कायदा आला. अशा राज्यातल्या पालकाला मंत्र आणि लोलक पाहून अस्वस्थ वाटलं तर त्यात हसण्यासारखं काही नाही. पण भोंदू बाबा आणि नेलाचा लोलक यांत फरक आहे. बाबा सांगतो, हे खरं आहे, पैसे ठेव. कार्टून असं काही म्हणत नाही, आणि लाटण्याला तलवार म्हणणाऱ्या मुलीला ते लाटणं आहे हे पक्कं ठाऊक असतं. भूक लागली की ती पोळी लाटायला तेच मागते. जादूचं खोटं मुलांना कळतं. जे कळत नाही ते जादूमागे दडलेलं: मेजवानीचं टेबल आपोआप भरलेलं, पाग आपोआप झाडलेली. गंमत म्हणजे जादू प्रामाणिकपणेही वापरता येते. डिस्नीच्या १९८५ च्या 'गमी बेअर्स'मध्ये अस्वलं जो रस पिऊन टणाटण उड्या मारतात, त्यासाठी रोज फळं वेचावी लागतात, रस रटारटा उकळावा लागतो, कृती सांभाळावी लागते. खलनायक ड्यूक इग्थॉर्नची बरीच कटकारस्थानं ती कृती मिळवण्यासाठीच. तिथे जादूलाही कच्चा माल लागतो. ही मालिका काही क्रांतिकारक नव्हती, पण जादूचं इतकं साधं अर्थशास्त्र तिच्यानंतर मला कार्टूनमध्ये फारसं दिसलं नाही.

बाजाराला दोष देऊन मोकळं होणं सोपं आहे. तलवार विकली जाते, खुरपं कोण घेणार? पण २००९ मध्ये लेगोने मध्ययुगीन बाजारगावाचा खेळ काढला होता, त्यात खानावळ आणि गाई होत्या. खेळण्याच्या पेटीला जे सुचलं ते टीव्हीच्या लेखकांना सुचू नये?

आणि आपल्या पोरांना तर ते केव्हाचं सुचलेलं आहे. दिवाळीतला मातीचा किल्ला आठवा. वर सिंहासन, बुरुजांवर मावळे, हे खरं; पण खाली विहीर असते, गवळण असते, भाजीवाली असते, बैलजोडी घेऊन शेतकरी असतो, आणि त्या खेळण्यांचा आकार कधीच जुळत नाही, गवळण बुरुजापेक्षा उंच होते. उतारावर आळीव पेरतात आणि चौथ्या-पाचव्या दिवशी हिरवं शेत उगवलं की खरा जल्लोष तेव्हा होतो. हे कोणी शिकवलं नाही. किल्ला केला की खाली शेत हवंच, एवढी समज गल्लीतल्या प्रत्येक टोळीला असते.

गेल्या दिवाळीत भाचीने लेस्टरच्या थंडीत खिडकीशी ट्रेमध्ये किल्ला केला. आळीव मिळवायला अडचण आली नाही. इंग्लंडात त्याला क्रेस म्हणतात आणि तिथली मुलंही शाळेत कापसावर ते उगवतात. मावळे भारतातून गेले होते, शेतकरी मात्र प्रवासात मोडला. भाऊजींनी तरी किल्ला रायगडासारखा व्हावा म्हणून नकाशा उघडून ठेवला होता. पाचव्या दिवशी फोन केला तर युनिकॉर्न हिरव्या शेतात आडवी पडली होती आणि निम्मं आळीव तिच्याखाली सपाट झालं होतं. भाची रागावून तिला दम देत होती, "ट्रिंकेट, हे तुझं नाहीये." मग माझ्याकडे वळून म्हणाली, "मावशी, तिला भूक लागलीय पण. आता काय करायचं?"